आधी वेळा ठरवा, मग कपाटे लावा

(या सदराच्या लेखिका मुलांसाठी कथा लिहितात आणि कॅथलिक आहेत. वसईतील वाडीचे घर सोडून आपण ठाण्यातील सदनिकेत राहायला आल्याचा उल्लेख त्यांनी मागील अंकातील एका उत्तरात ओघाने केला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की, या अंकातील सर्व जागा त्याच विषयाला देण्याचे ठरले. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. : संपादक)

प्रश्न : मी वसईतील निर्मळजवळच्या गावात राहते, शाळेत शिकवते आणि मुलांसाठी लिहिते. मेअखेरीस आम्ही वाडीतले घर सोडून नाशिकला जात आहोत. एका दिवाळी अंकाला जुलैच्या मध्यापर्यंत कथा द्यायची आहे. मे महिन्यात आमच्या आळीच्या क्रुसाजवळ रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळेवरची प्रार्थना, असते आणि संध्याकाळ हीच माझी लिहिण्याची वेळ आहे. सासूबाई म्हणतात, इथला शेवटचा मे आहे, एकही संध्याकाळ चुकवू नकोस. सामान बांधणे तर अजून सुरूही झालेले नाही. यातले नेमके काय सोडावे?
: एक शिक्षिका

उत्तर : मी सासूबाईंच्या बाजूने आहे. पाच रहस्यांची रोझरी, त्यानंतरची लितानी (विनवण्यांची मालिका) आणि पवित्र मरियेचे एखादे गीत एवढ्याला अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही; उरलेली संध्याकाळ जाते ती त्यानंतर क्रुसाजवळ रेंगाळणाऱ्या माणसांशी बोलण्यात, आणि यंदा तुम्हांला बोलायचे आहे ते त्याच माणसांशी. नाशिकला चर्च आहे, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आहे. आळीच्या वळणावरच्या क्रुसाला हार घालून मग तुमच्या सुनेची चौकशी करणारी शेजारीण मात्र तेथे नसेल. म्हणून संध्याकाळ निःशंकपणे देऊन टाका आणि लेखन पहाटेवर न्या. मे महिन्यात शाळा बंद असते, त्यामुळे उन्हे चढण्यापूर्वीचे दोन तास तुमचे होऊ शकतात. सामान बांधण्याचे काम दिवसभर अंगावर येणारच असते, ते पहाटेच्या त्या तासांत शिरू देऊ नका एवढेच पथ्य पाळा.

प्रार्थनेच्या वेळी लिहिले तर पाप, आणि लेखनाच्या वेळी प्रार्थनेला गेले तर काम बुडते, अशी कोंडी पुष्कळ कॅथलिक लेखकांच्या मनात असते, तशी ती तुमच्या पत्राच्या ओळींमधूनही दिसते. लेखकांचे आश्रयदाते मानले जाणारे संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभीच यावर फार समंजस विवेचन करून ठेवले आहे. बिशपाने मठातल्या एकांतवासी संन्याशासारखे राहू पाहिले, किंवा कारागिराने धर्मबंधूसारखा सारा दिवस चर्चमध्ये काढला, तर ती भक्ती हास्यास्पद ठरेल, असे ते म्हणतात. ज्याची त्याची भक्ती त्याच्या संसाराच्या आणि कामाच्या आकाराची असावी, हा त्याचा अर्थ. पोप पायस अकरावे यांनी १९२३ मध्ये त्यांना लेखकांचे आश्रयदाते घोषित केले, तेव्हा त्यांच्या ग्रंथांइतकीच ही व्यवहारी दृष्टीही विचारात घेतली असावी, असे मला आपले वाटते.

खरी कसोटी जूनमध्ये लागेल. नव्या घरात गेल्यावर माणसे आधी कपाटे लावतात, मग पडदे, मग स्वयंपाकघराचे डबे, आणि हे सारे मार्गी लागले की प्रार्थनेची आणि लिहिण्याची वेळ ठरवू असे म्हणतात. मी इतक्या घरांत पाहिले आहे की तोवर त्या वेळांवर दुसऱ्याच कामांनी बस्तान बसवलेले असते. म्हणून पहिल्या आठवड्यातच, खोकी बंद असतानाच, लिहिण्याची वेळ कोणती आणि संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसण्याची वेळ कोणती हे ठरवून ते घरात सर्वांना सांगून टाका. टेम्पोत शेवटी चढवायचे आणि पहिल्यांदा उतरवायचे असे एक वेगळे खोके करा. त्यात चहाचे सामान, क्रूस, रोझरी, चालू कथेची वही आणि लिहिण्याची साधने असावीत. बाकीचे सामान महिनाभर बांधलेले राहिले तरी कोणाचे काही अडत नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांना आजच कळवा. जूनच्या आरंभी मागितलेली पंधरा दिवसांची सवलत बहुधा मिळते. जुलैच्या मध्याला सांगितलेले कारण, ते कितीही खरे असले तरी, सबबच वाटते. आणि एक आगाऊ सल्ला देते : यंदाची कथा घरबदलावर लिहू नका. आपल्या मनातली वाडी सुटण्याची हुरहुर आपण नकळत आठ वर्षांच्या नायकाच्या तोंडी घालतो आणि तो मुलगा एकाएकी पन्नाशीचा होतो. मुलाला घर बदलताना पडणारे प्रश्न निराळे असतात. नव्या वर्गात बाकावर शेजारी कोण बसेल, मांजराला टेम्पोत नेणार की मागे ठेवणार, बावखलातले (वाडीतल्या तळ्यातले) कासव कोणाच्या ताब्यात द्यायचे, हे ते प्रश्न. वर्षभराने तुमची हुरहुर निवेल, तेव्हा हे प्रश्न तुम्हांला ऐकू येतील.

प्रश्न : आयुष्यभर मुलांसाठी लिहिले. आता मुलाकडे दोन खोल्यांच्या घरात जायचे आहे आणि चार कपाटे पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे आणि कागद यांनी भरलेली आहेत. काय न्यावे, काय द्यावे आणि कसे न्यावे?
: एक ज्येष्ठ बालसाहित्यिक, सांगली

उत्तर : पुस्तकांआधी कागद पाहा, कारण पुस्तक पुन्हा मिळू शकते, करारपत्र मिळत नाही. तुमच्या प्रत्येक पुस्तकाचा प्रकाशकाशी झालेला करार शोधा आणि त्यात मुदत लिहिली आहे का ते वाचा. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते हक्क भारतापुरते मानले जातात. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतात. याचा सरळ अर्थ असा की, मुलाच्या घरातील ज्या कप्प्यात सातबारा आणि विम्याचे कागद असतील, त्याच कप्प्यात तुमचे करार असायला हवेत, आणि ते तेथे आहेत हे मुलाला ठाऊक असायला हवे. अनेक ज्येष्ठ लेखकांच्या जुन्या पुस्तकांचे हक्क कोणाकडे आहेत हेच घरात कोणाला ठाऊक नसते, आणि चांगली पुस्तके केवळ त्यामुळे पुन्हा छापली जात नाहीत.

दुसरा क्रम हस्तलिखितांचा आणि मूळ चित्रांचा. ती टेम्पोत देऊ नयेत, स्वतःबरोबर न्यावीत. चित्रे गुंडाळू नका. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून वर प्लास्टिक घाला. संगणकावर टंकलेला जुना मजकूर असेल तर तो बहुधा श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आणि पेजमेकरच्या फायलींमध्ये अडकलेला असतो, आणि त्या फायली उघडणारे संगणक आता सहजासहजी मिळत नाहीत. घरबदलाच्या निमित्ताने एखाद्या अक्षरजुळणी करणाऱ्याकडून तो युनिकोडमध्ये करून घ्या. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

आता पुस्तके. स्वतःच्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती ठेवा. एखाद्या पुस्तकाची एकही प्रत उरली नसेल तर हताश होऊ नका. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरावीक ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक आहे. त्या तिघांपैकी एक मुंबईच्या टाउन हॉलमधील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आणि तुमच्या प्रकाशकाने नियम पाळला असेल तर तुमचे पुस्तक तेथे सापडेल. इतरांची पुस्तके निवडताना मी एकच प्रश्न विचारते : हे मी पुन्हा वाचणार आहे, की माझ्याकडे आहे हे कोणाला दिसावे म्हणून ठेवणार आहे? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले की अर्धे कपाट मोकळे होते. द्यायची पुस्तके थेट ग्रंथालयाच्या दारात नेऊन टाकू नयेत. गावोगावच्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गातील ग्रंथालयांना जागेची आणि मनुष्यबळाची अडचण असते. आधी यादी पाठवा आणि त्यांना हवी तीच द्या. मुलांची पुस्तके ग्रंथालयापेक्षा एखाद्या शाळेच्या वर्गात ठेवली तर अधिक हाताळली जातात, हा माझा अनुभव आहे. फाटतातही अधिक, पण ते चालेल.

बांधणीबद्दल थोडेसे. पुस्तकांची खोकी लहानच असावीत, बारा-पंधरा किलोंहून जड नकोत. मोठ्या खोक्याचा तळ जिन्यातच निसटतो आणि हमालही कुरकुरतात. कसर किंवा वाळवी दिसलेले पुस्तक इतर पुस्तकांत मिसळू नका. पावसात घर बदलणे टळत नसेल तर प्रत्येक खोक्याला आतून प्लास्टिकचे अस्तर द्या आणि नव्या घरी पोहोचताच खोकी भिंतीपासून सुटी ठेवा.

या गडबडीत एखादी वही हरवलीच, तर आमच्याकडे संत आंतोनी यांना साकडे घालतात. तेराव्या शतकातल्या या संताची स्वतःच्या टिपणांनी भरलेली स्तोत्रांची हस्तलिखित पोथी एक नवशिका मठ सोडून जाताना घेऊन गेला, संतांनी प्रार्थना केली आणि तो ती परत घेऊन आला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. हरवलेल्या वस्तूंच्या या संताची मूळ तक्रार एका हरवलेल्या पुस्तकाची होती, हे लेखकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी ते तुमचे ऐकतील.

प्रश्न : नव्या सदनिकेत बिल्डरने स्वयंपाकघरात ईशान्येला देवघराचा कोनाडा केलेला आहे. तेथे अल्तार (प्रार्थनेची वेदी) मांडला तर चालेल का? जुन्या घरात तीन पिढ्यांच्या तसबिरी, तुटलेले पुतळे आणि वाळलेल्या झावळ्यांचे क्रूस साठले आहेत. ते टाकायला हात धजत नाही. शिवाय घराचा आशीर्वाद होईपर्यंत राहायला जाऊ नये, असे जाऊबाई सांगतात.
: एक गृहिणी, नंदाखाल

उत्तर : घरातल्या अल्ताराला चर्चने कोणतीही दिशा ठरवून दिलेली नाही, त्यामुळे ईशान्येचा कोनाडा वापरायला हरकत नाही. अडचण दिशेची नसून जागेची आहे. स्वयंपाकघराच्या कोनाड्यापुढे एकाच माणसाला उभे राहता येते, आणि आपली संध्याकाळची प्रार्थना सर्वांनी मिळून बसून करायची असते. जेथे घरातील सगळे जण रात्री खरोखर जमतात तेथे अल्तार असावा. ती जागा दूरदर्शन संचासमोर येत असेल, तर संच हलवण्याचा वाद एकदाच काय तो घालून घ्या. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर घरात प्रतिष्ठापित करण्याची चाल फादर मातेओ या धर्मगुरूंनी १९०७ पासून जगभर रुजवली. त्यामागचा विचारही कुटुंबाने त्या तसबिरीसमोर रोज एकत्र यावे असाच होता.

आशीर्वादित वस्तू आदराने हाताळाव्यात आणि भलत्या कामाला वापरू नयेत, एवढी चर्चची अपेक्षा आहे. त्या कायम जपून ठेवाव्यात असे कोठेही म्हटलेले नाही. तुटलेले पुतळे स्वच्छ मातीत पुरावेत, कागदी तसबिरी जाळून त्यांची राख मातीत मिसळावी. वाडीत जागा आहे तोवरच हे काम उरका. सदनिकेत गेल्यावर खड्डा कोठे खणणार? झावळ्यांचे क्रूस उपवासकाळ सुरू होण्याआधी चर्चमध्ये नेऊन द्या, कारण राखेच्या बुधवारची राख अशाच जुन्या झावळ्यांपासून तयार होते. चांगल्या स्थितीतल्या तसबिरी दीर-भावांच्या घरी विचारून द्या. न विचारता दिल्यात तर त्या त्यांच्या माळ्यावर जातील आणि पुढच्या पिढीतली कोणी सून मला हेच पत्र लिहील.

बायबल अल्तारावर शोभेसाठी उघडे ठेवण्याची आपल्याकडे आवड आहे. पान पिवळे पडेपर्यंत तोच अध्याय उघडा असतो. ते हाताला येईल अशा जागी ठेवलेले मला अधिक पसंत आहे.

आशीर्वादाआधी राहायला जाण्यात काहीही गैर नाही. फादरांना वेळ असेल तेव्हा बोलवा. ‘या घराला शांती असो’ या वचनाने सुरू होणारा हा विधी थोडक्यात आटोपतो. त्या दिवशी पन्नास माणसांना जेवण घालण्याची प्रथा चर्चची नव्हे, आपली आहे, आणि पुष्कळदा आशीर्वाद लांबतो तो त्या जेवणामुळेच.

प्रश्न : जुने घर विकले जात नाही. संत योसेफांचा लहान पुतळा अंगणात उलटा पुरल्यास गिऱ्हाईक येते, असे अमेरिकेतील पुतणी सांगते. यात तथ्य आहे का?
: एक वाचक, पापडी

उत्तर : तथ्य नाही. ही चाल अमेरिकेत बरीच पसरलेली आहे, तेथे त्यासाठी पुतळ्यांचे तयार संचही विकले जातात; चर्चच्या शिकवणुकीनुसार ती अंधश्रद्धाच आहे. मरिया आणि बाळ येशू यांना घेऊन रातोरात इजिप्तला घर हलवणाऱ्या सुताराला डोक्यावर उभे करून धमकावणे मला तर उद्धटपणाचे वाटते. त्यांची प्रार्थना जरूर करा, आणि वारसांची नावे सातबाऱ्यावर व्यवस्थित लागली आहेत का तेही पाहा. आमच्या भागातले बहुतेक व्यवहार तेथेच अडतात.

प्रश्न : मी मुलांसाठी पहिला कथासंग्रह लिहिला आहे. पात्रे ख्रिस्ती आहेत, दोन कथांत प्रार्थना आणि नाताळ येतो. कॅथलिक लेखिकेला छापण्यापूर्वी बिशपांची परवानगी लागते का? आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकांना हा धर्मप्रचार वाटेल, अशी भीती प्रकाशकांनी बोलून दाखवली आहे. प्रार्थनेचे उल्लेख गाळावेत का?
: एक नवोदित लेखिका, विरार

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. १९८३ च्या चर्चकायद्याप्रमाणे धर्मशिक्षणाची पुस्तके आणि प्रार्थनापुस्तके यांना बिशपांची मान्यता लागते. धर्मविषयक पुस्तके चर्चमध्ये मांडायची वा विकायची असतील तर त्यांनाही लागते. कथासंग्रहाला लागत नाही, मग त्यातील मुलगी दिवसातून तीनदा रोझरी का म्हणेना. बंदी घातलेल्या पुस्तकांची जी यादी चर्च शतकानुशतके ठेवत असे, तीही १९६६ मध्ये निकालात निघाली. तरीही हस्तलिखित एखाद्या जाणत्या फादरांना किंवा सिस्टरांना वाचायला द्या, पण परवानगीसाठी नव्हे. आगमनकाळात मिस्साचा झगा कोणत्या रंगाचा असतो यासारख्या चुका त्यांनाच दिसतात.

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. प्रार्थना गाळू नका, उपदेश गाळा. दोहोंत फरक कसा ओळखायचा, तर परिच्छेद कोणासाठी लिहिला आहे ते पाहावे. कथेतला मुलगा क्रुसाजवळ गुडघे टेकून बसला आहे, लितानी संपत नाही, पायाला मुंग्या आल्या आहेत आणि त्याचे सारे लक्ष शेवटी वाटल्या जाणाऱ्या खाऊच्या पातेल्याकडे आहे, असे लिहिले तर तो मुलगा आपला आहे आणि साताऱ्याच्या मुलाला तो आरतीतल्या स्वतःसारखा वाटेल. त्याच मुलाला त्याच क्षणी प्रार्थनेचे महत्त्व पटल्याचे लिहिले, तर तो परिच्छेद तुम्ही आपल्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, मोठ्या माणसांच्या समाधानासाठी लिहिलेला असतो. मुलांना हे फार लवकर कळते, आणि ख्रिस्ती मुलांना तर सर्वांत आधी, कारण त्यांनी तो उपदेश रविवारी एकदा ऐकलेला असतो.

मराठीतले ख्रिस्ती लेखन या बाबतीत आरंभापासूनच शहाणे होते, असे मी मानते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो ओव्यांमध्ये आणि पुराणाच्या घाटात, कारण नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची ऐकण्याची भूक पुराणांवर वाढलेली होती आणि त्यांनी तसेच काहीतरी आपल्याला द्यावे असे मागितले होते. पुढे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी मुंबईत १८७३ मध्ये मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ सुरू केले, आणि मराठीत मुलांसाठी मासिक काढता येते हे त्या काळी त्यातून दिसले. त्यात उपदेश पुष्कळ होता हे खरे, आणि आज वाचताना तोच सर्वांत लवकर शिळा झालेला दिसतो.

प्रकाशकांच्या भीतीवर उपाय तपशिलाचा आहे. आपल्याकडे छापील नाताळात बर्फ पडतो, हरणे धावतात आणि पात्रांना वसईतली नावे असून ती पाश्चात्त्य भेटकार्डावरची माणसे वाटतात. चित्रकाराला तुमच्या वाडीत आणा. डिसेंबरच्या थंडीत भाताच्या पेंढ्याने शाकारलेला गोठा, केळीच्या खुंटाला बांधलेल्या चांदण्या, सुकेळीच्या (सुकवलेल्या केळ्यांच्या) पुड्या बांधत बसलेली आजी, आणि वाडीतल्या घराच्या ओटीवर नाताळची गाणी म्हणत आलेली पोरे त्याला दाखवा. वसईत ख्रिस्ती लोक पोर्तुगीज काळापासून आहेत. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यानंतरही ते त्याच वाड्यांत राहिले, तीच शेती करीत राहिले. परेरा आडनावाच्या मुलाच्या पायाला चिखल लागलेला दिसला की परकेपणाचा प्रश्न आपोआप मिटतो. सामवेदी किंवा वाडवळी बोली संवादात येऊ द्या, पण अर्थ प्रसंगातून कळेल इतकीच. तळटिपा देऊ नका, मुले त्या वाचत नाहीत.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे की भाड्याचे घर बदलत असल्याने पुस्तकाचे काम सध्या मागे पडले आहे. तसे असेल तर एका गोष्टीचा फायदा करून घ्या. सोडून जाण्यापूर्वी घरातल्या एकेका खोलीची नोंद लिहून काढा : खिडकीतून काय दिसते, पावसात कोठे गळते, कोणत्या कोपऱ्यात मुले लपतात. ही नोंद पुढे उपयोगी पडते, आणि छायाचित्रांत ती येत नाही.

प्रश्न : मावशी, आम्ही घर बदलले तेव्हा फक्त सामान नेले. पण फादर म्हणाले की देवदूतांनी पवित्र मरियेचे अख्खे घरच उचलून नेले. हे खरे आहे का? त्यांनी दोर वापरले होते का?
: इयत्ता पाचवीतला एक वाचक, वसई

उत्तर : तुझा दोराचा प्रश्न मला फार आवडला. फादरांनी सांगितलेली गोष्ट इटलीतल्या लोरेतो या गावाची आहे. नासरेथला मरियेचे घर होते आणि देवदूतांनी ते समुद्रापलीकडे नेले. आधी आजच्या क्रोएशियात ठेवले आणि १२९४ मध्ये लोरेतोजवळ आणले, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. लोरेतोला आजही एका मोठ्या चर्चच्या आत ते लहानसे घर आहे. त्याला मुळात तीनच भिंती होत्या. असे का, याचा अंदाज तू आधी स्वतः कर आणि मग पुढे वाच. नासरेथची काही घरे डोंगरातल्या गुहेला लागून बांधलेली असत, त्यामुळे चौथ्या बाजूला गुहाच होती. गुहा काही उचलून नेता येत नाही.

आता देवदूतांविषयी. अभ्यासकांपैकी काहींचे मत असे आहे की त्या काळी पवित्र भूमीत युद्ध चालले होते, १२९१ मध्ये ख्रिस्ती सैनिकांचे तिथले शेवटचे मोठे ठाणे पडले, तेव्हा त्या घराचे दगड जपून ठेवावेत म्हणून जहाजातून नेले गेले, आणि ते नेणाऱ्या कुटुंबाचे नाव आंजेली होते. इटालियन भाषेत त्याचा अर्थ देवदूत. तसे असेल तर दोरही वापरले असतील आणि खलाशांनी घामही गाळला असेल. माझा स्वतःचा कल जहाजाकडे आहे. तुझा देवदूतांकडे असेल तर मी भांडणार नाही. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२० मध्ये लोरेतोच्या मरियेला विमान चालवणाऱ्यांची आश्रयदाती केले, म्हणजे उडण्याची बाजूही अगदी कच्ची नाही. तिचा सण १० डिसेंबरला असतो. तू तुझ्या घरातून काय आणायला विसरलास, ते मला कळव.

प्रश्न : आम्ही वसईहून पुण्याला स्थायिक होत आहोत. मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन) पुढच्या वर्षी आहे आणि तिची धर्मशिक्षणाची पुस्तके मराठीत आहेत. नव्या धर्मग्रामात नाव लावायला किती काळ राहावे लागते? की संस्कार वसईलाच करावा?
: एक पालक

उत्तर : कायमचे राहण्याच्या हेतूने गेलात तर पहिल्या दिवसापासून तुम्ही तेथील धर्मग्रामाचे, हेतू ठरलेला नसेल तर तीन महिने राहिल्यावर. चर्चकायद्याची ही तरतूद सरकारी रहिवास दाखल्याहून पुष्कळच उदार आहे. निघण्यापूर्वी जुन्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंकडून पत्र, मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला आणि धर्मशिक्षणाचा कोणता इयत्तावर्ग पूर्ण झाला याची नोंद घ्या. बाप्तिस्म्याची मूळ नोंद वसईच्याच वहीत राहते, आणि पुढे दृढीकरण (कन्फर्मेशन) व विवाह यांच्या नोंदीही तेथेच चढतात, त्यामुळे ते नाते तुटत नाही.

संस्कार शक्यतो पुण्यालाच करावा, असे मी सुचवेन. आजी-आजोबा नाराज होतील, त्यांना बसने आणा. वसईला केला तर मुलगी तयारी एका वर्गाबरोबर करील आणि ख्रिस्तप्रसाद दुसऱ्याच मुलांबरोबर घेईल, आणि नव्या चर्चमध्ये ती पुढची काही वर्षे पाहुणीच राहील. धर्मशिक्षण तेथे इंग्रजीत असण्याची शक्यता बरीच आहे. मराठी पुस्तके देऊन टाकू नका. वर्ग इंग्रजीत चालला तरी घरी तोच धडा मराठीतून वाचून घेता येतो, आणि प्रार्थना तर ज्या भाषेत पाठ झाल्या आहेत त्याच भाषेत म्हणू द्या. मोठ्या शहरांत मराठी मिस्सा सगळ्याच चर्चमध्ये नसते. जेथे असते तेथे बहुधा रविवारी एकदाच, आणि ती वेळ आपल्या भाडेकरारातल्या पत्त्यावरून कळत नाही. घर पक्के करण्यापूर्वी जवळच्या दोन-तीन धर्मग्रामांच्या कचेऱ्यांत जाऊन ती विचारून या.